विंडोज, लिनक्स आणि मॅकवरून एकच शेअर फोल्डर कमांड लाइनने जोडायचा आहे

प्रॉम्प्टवाला

तीन मशीन, एकच नेटवर्क. विंडोज ११ प्रोवर (पत्ता १९२.१६८.१.२०) 'कागद' नावाचा शेअर आहे. तो लिनक्स आणि मॅकवरून टर्मिनलमधूनच जोडायचा आहे, कारण पुढे सगळं काम स्क्रिप्टने होणार आहे. शिवाय लिनक्स सर्व्हरवर (१९२.१६८.१.३०) सांबाचा (विंडोजशी फायली शेअर करणारा लिनक्सवरचा सर्व्हर) 'साठा' हा शेअर आहे, तो विंडोजवरून हवा आहे.

सध्या अडलंय ते असं:

लिनक्सवर माउंट करताना (म्हणजे शेअर एका फोल्डरला जोडताना) एरर १३, परमिशन डिनाइड. व्हर्स=१.० हा ऑप्शन घालून पाहिला तर एरर ११२, होस्ट इज डाउन. मशीन चालू आहे, पण पिंगला उत्तर देत नाही.

मॅकवर ऑथेंटिकेशन एरर. विंडोजमध्ये लॉगिन पिनने होतं, तोच पिन दिला होता.

विंडोजवरून सांबाकडे जाताना नेट यूज कधी १२१९ देतं, कधी १२७२.

आणि फायलींची नावं मराठीत आहेत. मॅकच्या जुन्या डिस्कवरून आरसिंकने लिनक्सवर आणलेल्या काही फायली यादीत दिसतात, पण नाव टाइप केलं की 'नो सच फाइल'.

नेमकं कुठे चुकतंय?

जोडणी_४४५

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करा. चिन्हं आणि मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवा.

एसएमबी म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल. त्याची जोडणी ठरलेल्या क्रमानेच होते. आधी मशीन सापडतं, मग पोर्ट उघडं मिळतं, मग दोन्ही बाजू प्रोटोकॉलच्या आवृत्तीवर एकमत करतात, मग ओळख पटते आणि शेवटी त्या ओळखीला फोल्डरवर हक्क आहेत का ते तपासलं जातं. एरर यातल्या कोणत्या टप्प्यावरचा आहे हे आधी ठरवा. तोवर एकही ऑप्शन बदलू नका.

पिंगवर जाऊ नका. विंडोजची फायरवॉल पिंग अडवते आणि तरीही शेअर व्यवस्थित चालू असतो. विचारायचं ते थेट पोर्टला:

एनसी -झेडव्ही १९२.१६८.१.२० ४४५

'सक्सीडेड' आलं तर पहिले दोन टप्पे पार पडले. नुसतं थांबून टाइमआउट झालं तर बहुतेक वेळा विंडोजने ते नेटवर्क 'पब्लिक' धरलेलं असतं आणि त्या प्रोफाइलमध्ये फाइल शेअरिंगचे नियम बंद असतात. विंडोजवर ॲडमिन पॉवरशेलमध्ये गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल चालवा, त्यातला इंटरफेसइंडेक्स घ्या (समजा १२) आणि:

सेट-नेटकनेक्शनप्रोफाइल -इंटरफेसइंडेक्स १२ -नेटवर्ककॅटेगरी प्रायव्हेट

तुमच्याकडे मात्र एरर १३ येतोय, म्हणजे पोर्ट उघडं आहे आणि गाडी ओळखीपर्यंत पोहोचते आहे. ११२ तुम्हीच ओढवून घेतलाय. व्हर्स=१.० म्हणजे एसएमबीची पहिली आवृत्ती. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून (२०१७) ती नव्या इन्स्टॉलमध्ये मुळात नसते. सर्व्हर ती भाषा ऐकून फोन ठेवून देतो आणि लिनक्स त्याचा अर्थ 'होस्ट बंद आहे' असा लावतो. तो ऑप्शन काढून टाका. २०१७ नंतरचे कर्नल २.१ ते ३.१.१ यांतली योग्य आवृत्ती आपणहून ठरवतात. आणि विंडोजवर पहिली आवृत्ती चालू करा असा सल्ला कुठे मिळाला तर तो ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो तिच्यातल्याच भोकातून.

आता १३. हा आकडा दोन वेगळ्या कारणांनी येतो. फेल झाल्या झाल्या बघा:

सुडो डीमेसेज | टेल

स्टेटस_लॉगऑन_फेल्युअर असेल (कोड ०xसी०००००६डी) तर नाव किंवा पासवर्ड चुकतोय. स्टेटस_ॲक्सेस_डिनाइड असेल तर ओळख पटली, हक्क नाहीत. तुमच्याकडे पहिलंच निघेल, कारण पिन हा त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. खात्याचा खरा पासवर्ड लागतो. पासवर्ड रिकामा असलेलं खातंही विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

ऑनलाइन खात्याचा ईमेल आणि पासवर्ड स्क्रिप्टमध्ये ठेवण्यापेक्षा या कामापुरतं एक स्थानिक खातं काढा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये:

नेट युजर दूत * /ॲड

तारा दिला की पासवर्ड विचारला जातो, तो स्क्रीनवर किंवा हिस्टरीत राहत नाही. मग हक्क द्यायचे, आणि ते दोन ठिकाणी. शेअरचे हक्क पॉवरशेलमधून:

ग्रँट-एसएमबीशेअरॲक्सेस -नेम कागद -अकाउंटनेम दूत -ॲक्सेसराइट चेंज

फोल्डरचे हक्क कमांड प्रॉम्प्टमधून:

आयकॅकल्स डी:\कागद /ग्रँट दूत:(ओआय)(सीआय)एम

या दोहोंपैकी जो कडक तो लागू होतो. शेअरवर पूर्ण मुभा आणि फोल्डरवर फक्त वाचन असेल तर हातात वाचनच येतं. शेवटची कमांड पॉवरशेलमध्ये द्यायची तर 'दूत' पासून पुढचा भाग अवतरणात घाला, नाहीतर पॉवरशेल कंसांचा वेगळा अर्थ लावतं.

माउंट करण्याआधी एसएमबीक्लायंटने खात्री करा. त्याला रूट लागत नाही, कर्नल मध्ये येत नाही, एररही सरळ शब्दांत कळतो:

एसएमबीक्लायंट -एल //१९२.१६८.१.२० -यू दूत

शेअरची यादी आली की ओळख पटली. मग:

एसएमबीक्लायंट //१९२.१६८.१.२०/कागद -यू दूत

आत एलएस, सीडी, गेट, पुट चालतात. अख्खा फोल्डर आणायचा असेल तर आधी रिकर्स, मग प्रॉम्प्ट, मग एमगेट *. रिकर्स विसरलात तर फक्त वरच्या पातळीच्या फायली येतात. प्रॉम्प्ट विसरलात तर प्रत्येक फाइलीला हो-नाही विचारत बसतं. रात्री एकदा फायली उचलून आणणं एवढंच काम असेल तर हे सगळं -सी मागे अवतरणात, अर्धविरामांनी तोडून द्या. माउंटची गरजच पडत नाही.

माउंट हवंच असेल तर सीआयएफएस-युटिल्स हे पॅकेज आधी टाका. ते नसलं की 'बॅड ऑप्शन' असा दिशाभूल करणारा एरर येतो आणि माणूस ऑप्शनमध्ये चूक शोधत राहतो. मग:

सुडो माउंट -टी सीआयएफएस //१९२.१६८.१.२०/कागद /एमएनटी/कागद -ओ युजरनेम=दूत

आणखी दोन आकडे लक्षात असू द्या. एरर २ म्हणजे शेअरचं नाव चुकलं. ११५ म्हणजे पोर्टपर्यंत पोहोचणंच झालेलं नाही, तेव्हा परत एनसीकडे जा.

प्रॉम्प्टवाला

डीमेसेजमध्ये लॉगऑन फेल्युअरच होतं. दूत खातं काढलं आणि शेअर जोडला गेला, आभार. आता दोन अडचणी. सगळ्या फायली रूटच्या नावावर दिसतात आणि साध्या युजरने लिहिता येत नाही. सीएचमॉड चालवलं तर एरर येत नाही आणि काही बदलतही नाही. दुसरं, एफएसटॅबमध्ये (लिनक्सची काय काय माउंट करायचं त्याची यादी) ओळ घातली, पण विंडोज मशीन बंद असलं की लिनक्स सुरू होताना दीड मिनिट थांबतं.

जोडणी_४४५

पहिली अडचण: विंडोजला लिनक्सचे युजर क्रमांक माहीतच नाहीत. त्यामुळे माउंट करताना जो मालक सांगाल तोच सगळ्या फायलींवर दिसतो, आणि न सांगितल्यास रूट. तिथले परवानगीचे बिटही माउंटच्या ऑप्शनवरून ठरतात आणि फक्त लिनक्सच्या बाजूने तपासले जातात, म्हणून साध्या युजरला लिहिता येत नाही. शेवटचा निर्णय विंडोज घेतं, दूत या खात्याला काय मुभा आहे ते बघून. सीएचमॉड म्हणूनच निष्फळ. आयडी -यू ने तुमचा क्रमांक बघा, बहुधा १००० असेल.

पासवर्डसाठी वेगळी फाइल करा, /ईटीसी/सांबा/कागद.क्रेड. तीत दोन ओळी:

युजरनेम=दूत
पासवर्ड=तुमचा पासवर्ड

बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. फाइल रूटच्या मालकीची, सीएचमॉड ६०० केलेली. याचा आणखी एक फायदा आहे. पासवर्डात स्वल्पविराम असेल तर -ओ मागे लिहिताना तो तिथेच तुटतो, फाइलीत तुटत नाही.

एफएसटॅबमधली ओळ, सगळी एकाच ओळीत:

//१९२.१६८.१.२०/कागद /एमएनटी/कागद सीआयएफएस क्रेडेन्शियल्स=/ईटीसी/सांबा/कागद.क्रेड,यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,फाइल_मोड=०६४०,डीआयआर_मोड=०७५०,नोफेल,_नेटडेव्ह,नोऑटो,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=३०० ० ०

मग सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड आणि सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट रिमोट-एफएस.टार्गेट.

दीड मिनिट म्हणजे सिस्टमडीची ९० सेकंदांची ठरलेली वाट. नोऑटो आणि ऑटोमाउंट एकत्र दिले की बूटच्या वेळी शेअरला हात लागत नाही. फोल्डरमध्ये कोणी पहिल्यांदा डोकावलं की तेव्हा जोडला जातो आणि ३०० सेकंद कोणी वापरला नाही तर सुटतो. शेअरच्या नावात मोकळी जागा असेल तर एफएसटॅबमध्ये तिच्या जागी \०४० लिहा, तिथे अवतरणं चालत नाहीत.

बॅकअपच्या स्क्रिप्टसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. साधं माउंट असेल आणि ते निघालेलं असेल, तर /एमएनटी/कागद हा तुमच्याच डिस्कवरचा रिकामा फोल्डर उरतो. स्क्रिप्ट त्यातच लिहीत सुटते आणि रूटची डिस्क भरते. म्हणून सुरुवातीला तपासणी हवी. माउंटपॉइंट -क्यू ही नेहमीची कमांड ऑटोमाउंटसोबत फसवते, कारण ऑटोमाउंट स्वतःच एक माउंट म्हणून तिथे बसलेलं असतं. त्यापेक्षा आधी एलएस करून जोडणी जागी करा आणि मग:

फाइंडएमएनटी -टी सीआयएफएस /एमएनटी/कागद || एक्झिट १

काढताना 'टार्गेट इज बिझी' आलं तर फ्युजर -व्हीएम /एमएनटी/कागद ने कोण बसलंय ते बघा. बहुतेकदा दुसऱ्या टर्मिनलमधली तुमचीच शेल असते. सर्व्हरच गायब झालाय आणि डीएफ लटकलंय अशा वेळी यूमाउंट -एल.

माउंटवर आरसिंक चालवायचं असेल तर -ए ऐवजी -आरटी द्या. -ए मालक आणि परवानग्या बदलू पाहतो आणि प्रत्येक फाइलीमागे सीएचओनचा एरर छापतो. शिवाय माउंट आरसिंकला स्थानिक डिस्कच वाटते, त्यामुळे फाइलीतला बदललेला भागच पाठवण्याची त्याची करामत तिथे लागू होत नाही, अख्खी फाइल जाते. फायली मोठ्या असतील तर दोन्ही टोकांना आरसिंक ठेवून एसएसएचवरून चालवा.

पाइपलाइन

विंडोजच्या बाजूचं मी सांगते.

१२१९ चा अर्थ: एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी बोलायला विंडोज तयार नाही. आधी कधीतरी फाइल एक्सप्लोररने तुमच्या विंडोज लॉगिनच्या नावाने सांबाचं दार ठोठावलेलं असतं, ती जोडणी पडून असते आणि आता तुम्ही दुसरं नाव देता. नुसतं नेट यूज टाइप करून यादी बघा आणि त्या सर्व्हरच्या सगळ्या जोडण्या काढा:

नेट यूज \\१९२.१६८.१.३०\आयपीसी$ /डिलीट

आयपीसी$ ही ओळ लोक सोडून देतात आणि अडकतात. यादी रिकामी असूनही १२१९ येत असेल तर एक्सप्लोररच्या खिडक्या बंद करून ॲडमिन पॉवरशेलमध्ये रीस्टार्ट-सर्व्हिस लॅनमॅनवर्कस्टेशन -फोर्स. तातडीचा मार्ग म्हणजे एका जोडणीला सर्व्हरचं नाव वापरा आणि दुसरीला आयपी पत्ता. विंडोजच्या लेखी ते दोन वेगळे सर्व्हर.

१२७२ पूर्णपणे वेगळा. सांबाने तुम्हाला पाहुणा म्हणून आत घेतलं आणि विंडोजने पाहुणा म्हणून जायला नकार दिला. विंडोज ११ प्रोमध्ये २४एच२ पासून पाहुण्याचा प्रवेश बंद आहे आणि स्वाक्षरीही सक्तीची आहे. पाहुण्याच्या जोडणीला पासवर्डच नसतो, मग स्वाक्षरी करायची कशाने? रजिस्ट्रीत बदल करून हे बंद करता येतं, पण करू नका. दोष सांबाच्या बाजूला आहे. एसएमबी.कॉन्फमध्ये 'मॅप टू गेस्ट = बॅड युजर' असेल तर सांबाला अनोळखी असलेलं कोणतंही नाव गुपचूप पाहुणा होतं. तुम्ही नाव बरोबर दिलंय असं समजता, पण सांबाच्या वहीत ते नाव नोंदलेलंच नसतं. लिनक्सवर युजर असला म्हणजे सांबात असतो असं नाही, त्याचे पासवर्ड वेगळे साठवले जातात:

सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए दूत
सुडो पीडीबीएडिट -एल

दुसऱ्या कमांडच्या यादीत दूत दिसला पाहिजे. 'साठा' च्या विभागात 'व्हॅलिड युजर्स = दूत' आणि 'रीड ओन्ली = नो' लिहा, टेस्टपार्मने तपासा. फोल्डरवर लिनक्सचे हक्कही दूतला असायला हवेत, सांबा त्यांच्या पलीकडे जात नाही. एसईलिनक्स चालू असलेल्या सर्व्हरवर फोल्डरला सांबा_शेअर_टी हे लेबलही लागतं. ते नसलं तर सगळं बरोबर दिसूनही फोल्डर उघडत नाही.

मग विंडोजवर:

नेट यूज झेड: \\१९२.१६८.१.३०\साठा * /युजर:दूत /पर्सिस्टंट:येस

तारा इथेही पासवर्ड विचारण्यासाठी. रीबूटनंतर परत विचारू नये म्हणून आधी:

सीएमडीकी /ॲड:१९२.१६८.१.३० /युजर:दूत /पास

इथे जो पत्ता दिलात तोच अक्षरशः नेट यूजमध्ये द्या. नाव आणि आयपी यांची अदलाबदल झाली की साठवलेली ओळख सापडत नाही. बाकीचे आकडे पटकन: ५३ म्हणजे मशीनच सापडत नाही, ६७ शेअरचं नाव चुकलं, ८५ ड्राइव्हचं अक्षर आधीच वापरात, ८६ किंवा १३२६ पासवर्ड किंवा नाव चूक, ५ हक्क नाहीत.

झेड: साध्या प्रॉम्प्टमध्ये दिसतो आणि ॲडमिन प्रॉम्प्टमध्ये दिसत नाही, याने पुष्कळ जण चक्रावतात. ड्राइव्हचं अक्षर लॉगिनच्या सत्रापुरतं असतं आणि ॲडमिन प्रॉम्प्टचं सत्र वेगळं. टास्क शेड्युलरचंही तसंच. म्हणून शेड्यूल केलेल्या स्क्रिप्टमध्ये अक्षरावर विसंबू नका, \\१९२.१६८.१.३०\साठा असा पूर्ण मार्ग लिहा. कमांड प्रॉम्प्ट अशा मार्गात सीडी करू देत नाही. तिथे पुशडी वापरा, ते झेडपासून मागे मोजत रिकामं अक्षर घेतं आणि पॉपडी केलं की सोडतं. पॉवरशेलमध्ये सीडी सरळ चालतं.

कॉपीसाठी रोबोकॉपी, पण /आर आणि /डब्ल्यू हे दोन ऑप्शन दिल्याशिवाय नाही:

रोबोकॉपी डी:\कागद \\१९२.१६८.१.३०\साठा\कागद /ई /झेड /आर:२ /डब्ल्यू:५

न दिल्यास रोबोकॉपी अडलेल्या एकेका फाइलीसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. एक फाइल कोणी उघडी ठेवली की रात्रभराचं काम तिथेच अडून बसतं. आणि स्क्रिप्टमध्ये 'शून्य नाही म्हणजे चूक' असं धरू नका. रोबोकॉपीचा १ म्हणजे फायली कॉपी झाल्या. ८ आणि पुढे खरं अपयश.

डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) नेटवर्क ड्राइव्ह आपोआप येत नाही: सुडो माउंट -टी डीआरव्हीएफएस '\\१९२.१६८.१.३०\साठा' /एमएनटी/साठा. अवतरण एकेरीच हवं, नाहीतर शेल बॅकस्लॅश खाऊन टाकतं.

सफरचंद_शेल

मॅकचं थोडक्यात, कारण मुख्य गाठ दूत खात्याने सुटलीच आहे.

एमकेडीआयआर -पी ~/जोड/कागद
माउंट_एसएमबीएफएस //दूत@१९२.१६८.१.२०/कागद ~/जोड/कागद

फोल्डर आधी अस्तित्वात हवा आणि तो तुमच्या होम फोल्डरमध्ये करा. /व्हॉल्यूम्समध्ये करायचा तर सुडो लागतो. पासवर्ड मार्गातच लिहायचा झाला तर त्यातल्या @ च्या जागी %४० आणि मोकळ्या जागेऐवजी %२०. नाहीतर @ नंतरचा भाग सर्व्हरचं नाव समजला जातो आणि एरर भलतीकडेच बोट दाखवतो. डोमेन असेल तर '//डोमेन;दूत@...' हे सगळं एकेरी अवतरणात घाला, कारण अर्धविराम शेलला कमांडचा शेवट वाटतो.

'फाइल एक्झिस्ट्स' हा एरर आला तर फाइल शोधू नका. तो शेअर फाइंडरने आधीच जोडून ठेवलाय एवढाच त्याचा अर्थ. आधी तो काढा.

जोडल्यावर एसएमबीयुटिल स्टॅटशेअर्स -ए चालवा. कोणती आवृत्ती ठरली, स्वाक्षरी चालू आहे का, सगळं दिसतं. शेअर जोडलेला आहे आणि टर्मिनल मात्र 'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणतं, असं झालं तर तो सर्व्हरचा नकार नसतो. २०१९ पासून मॅक नेटवर्क व्हॉल्यूमसाठी प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी मागतो. सिस्टम सेटिंग्जच्या प्रायव्हसी विभागात टर्मिनलला ती द्या.

शेअरभर डीएस_स्टोअर फायली (फाइंडर प्रत्येक फोल्डरमध्ये ठेवतो त्या लपलेल्या फायली) सांडू नयेत म्हणून:

डिफॉल्ट्स राइट कॉम.ॲपल.डेस्कटॉपसर्व्हिसेस डीएसडोन्टराइटनेटवर्कस्टोअर्स -बूल ट्रू

मग एकदा लॉगआउट करून परत आत या.

निर्यातदार

एसएमबीला विरोध नाही. विंडोज मध्ये असेल तर तोच वापरावा. पण लिनक्स आणि मॅक यांच्यात पुष्कळ छोट्या फायली हलवायच्या असतील तर एनएफएस (युनिक्सकडचा फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल) बघा. तिथे पोर्ट एकच, २०४९ (चौथ्या आवृत्तीत), आणि परवानग्यांचे बिट खरे असतात. मात्र साध्या एनएफएसमध्ये पासवर्ड नसतो. क्लायंट जो युजर क्रमांक सांगेल तो सर्व्हर मानतो, म्हणून विश्वासाच्या नेटवर्कपुरतंच. मॅकचा पहिला युजर ५०१ असतो आणि लिनक्सचा १०००, तेव्हा 'माझीच फाइल मला लिहिता येत नाही' याचं कारण बहुधा हेच असतं.

/ईटीसी/एक्स्पोर्ट्समधली ओळ:

/एसआरव्ही/साठा १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

पत्ता आणि कंस यांच्यात जागा सोडू नका. सोडलीत तर कंसातले हक्क त्या पत्त्याला न मिळता साऱ्या जगाला मिळतात, आणि फाइल वाचताना ही चूक डोळ्यांना दिसत नाही. नंतर सुडो एक्स्पोर्टएफएस -आरए. मॅकवरून जोडताना -ओ रेझव्हपोर्ट द्या. मॅक एरवी १०२४ च्या वरच्या पोर्टवरून येतो आणि लिनक्सचा सर्व्हर त्याला नाकारतो.

बाहेरच्या नेटवर्कवरून यायचं असेल तर ४४५ राउटरवर कधीही उघडू नका. व्हीपीएन घ्या किंवा एसएसएचएफएस (एसएसएचवरून फोल्डर जोडणारं साधन) वापरा:

एसएसएचएफएस दूत@सर्व्हर:/एसआरव्ही/साठा ~/जोड/साठा -ओ रीकनेक्ट,सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल=१५

रीकनेक्ट नसेल तर लॅपटॉप झोपून उठला की फोल्डर गोठतो.

बाइटमोजणी

मराठी नावांकडे कोणी वळलं नाही, आणि मला तोच भाग सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. न सापडणाऱ्या फायलींच्या नावात 'ऱ' आहे का ते बघा. 'तिसऱ्या', 'वाऱ्या', 'ऱ्हास', असं काही.

युनिकोडमध्ये ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक अखंड अक्षर म्हणून, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट: ई० ए४ बी१. दुसरा र अधिक नुक्ता, सहा बाइट: ई० ए४ बी० आणि ई० ए४ बीसी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नावं साठवताना अखंड अक्षर फोडून सुटं करते. आरसिंक ते बाइट जसेच्या तसे लिनक्सवर नेतो. तिथे तुम्ही कीबोर्डने अखंड ऱ टाइप करता. लिनक्स बाइट जुळवतो, आकार बघत नाही, म्हणून 'नो सच फाइल'. खात्री करायची तर:

एलएस | हेक्सडम्प -सी

आणि बी० च्या मागे बीसी दिसतो का ते शोधा. आधीच आलेल्या फायली दुरुस्त करायला:

कॉन्व्हएमव्ही -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर /एसआरव्ही/साठा

ही कमांड आधी फक्त काय बदलेल ते दाखवते. यादी पटली की शेवटी --नोटेस्ट जोडून परत चालवा. पुढच्या वेळी मॅकवरून पाठवतानाच आरसिंकला --आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८ द्या. मॅकसोबत वर्षानुवर्षं आलेल्या २.६.९ मध्ये हा ऑप्शन नाही, ३ च्या पुढचं आरसिंक वेगळं टाकावं लागतं. हिंदीतल्या ड़, ढ़ यांचा न्याय उलटा आहे. ती अक्षरं एनएफसीमध्येही (युनिकोडचं अक्षरं जोडून लिहिण्याचं रूप) सुटीच राहतात, तेव्हा ती जुळली नाहीत तर दोष दुसऱ्या टोकाला शोधा.

दुसरा खड्डा लांबीचा. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टमवर एका नावाला २५५ बाइट मिळतात, तर विंडोजच्या एनटीएफएसवर २५५ यूटीएफ-१६ एकक. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे लिनक्सवर जेमतेम ८५ चिन्हं. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'क्षे' मध्ये क, हलन्त, ष आणि मात्रा अशी चार चिन्हं, १२ बाइट. अहवालांना वाक्याएवढी नावं द्यायची सवय असेल तर विंडोजवर सुखाने नांदणारी फाइल लिनक्सवर कॉपी करताना 'फाइल नेम टू लाँग' येतो.

लिनक्सवरून विंडोजकडे जाताना नावात विसर्गासारखा दिसणारा कोलन टाळा. 'दुःख' मधला विसर्ग चालतो, ते वेगळं चिन्ह आहे, पण घाईत टाइप केलेला : विंडोज नाकारतं. ? * " < > | यांचंही तेच, आणि नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागाही नको.

बॅच फाइलीत मराठी मार्ग असेल तर ती यूटीएफ-८ मध्ये, बीओएमशिवाय सेव्ह करा आणि पहिली ओळ सीएचसीपी ६५००१ ठेवा. जुन्या कन्सोलमध्ये जोडाक्षरं तुटकी दिसतील, पण मार्ग बरोबर जातो.

प्रॉम्प्टवाला

ऱ च होता. 'दुसऱ्या' आणि 'तिसऱ्या' तिमाहीच्या सगळ्या फायली. हेक्सडम्पमध्ये बी० नंतर बीसी स्पष्ट दिसतोय. पीडीबीएडिटच्या यादीत दूत नव्हता, तो घातल्यावर १२७२ गेला. कॉन्व्हएमव्हीच्या चाचणीत मात्र दोन फायलींसाठी ते म्हणतंय की त्या नावाची फाइल आधीच आहे. --नोटेस्ट देऊ की नको?

बाइटमोजणी

आत्ता नको. त्या दोन ठिकाणी सुट्या आणि अखंड ऱ ची अशा जुळ्या फायली शेजारी शेजारी आहेत. बहुधा मूळ फाइल सापडली नाही म्हणून त्याच नावाने नवी केली गेली. एलएस -एलआय ने दोन्हींचे आयनोड क्रमांक, आकार आणि तारखा बघा. नाव टाइप न करता क्रमांकाने एकीला बाजूला काढा:

फाइंड . -आयनम क्रमांक -एक्झेक एमव्ही {} ./जुनी-प्रत \;

सीएमपीने दोन्ही ताडून बघा. कोणती ठेवायची ते ठरलं की मग --नोटेस्ट.